घोडा मागे, घाट पुढे: गोव्यात पहिल्यांदाच घोडा घेऊन निघणाऱ्या चालकांसाठी

सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून घेतलेला घोडा असो, की पुण्या-बेळगावच्या पागेतला, सह्याद्री उतरल्याशिवाय तो डिचोलीला किंवा मडगावला पोचत नाही. घाट संपला की पुढे रंबलर (वेग कमी करायला लावणाऱ्या उंच पट्ट्या), अरुंद रस्ते, मधोमध बसलेली गुरं आणि भाड्याची बाइक घेऊन निघालेले पर्यटक. शिवजयंतीची मिरवणूक, लग्नाची वरात, रायडिंग शिकवणारे तबेले, यांच्यासाठी घोड्यांची ने-आण सुरूच असते. पण गाडी चालवणारा बऱ्याचदा चिरे आणि वाळू वाहण्यात तरबेज असतो, घोडा त्याने कधी नेलेला नसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. एसयूव्हीमागे जोडलेला ट्रेलर असो, पिकअप असो की टाटा ४०७ ट्रक, बहुतेक गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू होतात. फरक आहे तिथे तसं सांगेन.

मागे कोण उभं आहे

घोड्याचं वजन जातीप्रमाणे साधारण साडेतीनशे ते पाचशे किलो. त्यातलं सुमारे ६० टक्के पुढच्या पायांवर असतं. पाय लांब, धड वर, त्यामुळे तोल जायला वेळ लागत नाही. चिरा ठेवला तिथे पडून राहतो. घोडा मात्र प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला स्वतःला सावरत असतो आणि त्या सावरण्यात गाडीही हलवतो. पुढे वळण आहे हे तुम्हाला दिसतं, त्याला दिसत नाही. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये दांडी न धरता उभं राहून घाट उतरून बघा, म्हणजे त्याची अवस्था कळेल.

म्हणून घोडा मागे असताना सुरक्षित गाडी चालवणं म्हणजे जोरात ब्रेक लावायची वेळच येऊ न देणं. ब्रेक कितीही चांगले असोत, ते कचकन लागले तर रस्त्यावरचा माणूस वाचेल, पण आतला घोडा गुडघ्यांवर पडेल. निर्णय ब्रेकच्या आधी घ्यायचा असतो, आणि पुढचं बहुतेक सगळं त्याबद्दल आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधी

पहिला फोन पशुवैद्याला. घोडा प्रवासाला योग्य आहे असा दाखला लागतो. ग्लँडर्सची रक्ततपासणी मागतात का, हेही त्यांनाच विचारा. तो रोग माणसालाही होतो, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडताना हा प्रश्न निघतोच. गाभण घोडी किंवा लहान शिंगरू असेल तर ते वेगळं न्यायचं, इतरांत मिसळायचं नाही.

प्राणी वाहतूक नियम १९७८ सालचे आहेत आणि त्यांतलं घोड्यांविषयीचं कलम प्रत्येक चालकाने एकदा तरी वाचावं, कारण ते लिहिणाऱ्यांना घोडा कळत होता. ट्रकसारख्या मालवाहू गाडीत घोडा न्यायचा तर जमीन घसरणार नाही अशी हवी. दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, मागे दोन भक्कम आडव्या फळ्या हव्यात. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नाहीत, सोबत एक सांभाळणारा हवा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. घोड्यांची तोंडं डावीकडे करून उभं करायचं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि आवाज थेट तोंडावर येत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढे १२५-ई हा नियम आला. त्याप्रमाणे जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा हवी. ट्रेलर असेल तर त्याची आरटीओतली नोंदणी आणि विमा आधी पक्का करून घ्या.

दाखला, मालकीची पावती, गाडीची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा. मोले, केरी, पत्रादेवी, पोळे, कुठल्याही नाक्यावर थांबवलं तर कागद शोधण्यात वीस मिनिटं जाऊ नयेत. उन्हात उभ्या गाडीत घोडा भराभर तापतो.

गाडी तपासा, आणि वाकून तपासा

ट्रेलरचा टायर झिजून जाण्याआधी म्हातारा होतो. वर्षातून चारदा चालणाऱ्या ट्रेलरच्या टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर घोड्याखाली नको. हवा गार टायरमध्येच मोजा, स्टेपनीचीही. जॅक भरल्या ट्रेलरचं वजन उचलतो का, हे अंगणात करून बघा.

मग जमीन. मॅट पूर्ण उचला. गोव्याच्या हवेत फळ्या खालून कुजतात आणि घोड्याचं मूत्र वरून त्यांना खातं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक आत शिरलं तर फळी बदलल्याशिवाय गाडी हलवू नका. फळी मोडून पाय खाली रस्त्याला लागला तर तो घोडा सहसा वाचत नाही. मॅटवर वाळूचा पातळ थर आणि त्यावर भाताचा पेंढा टाकला तर ओल्यावरही खूर टिकतो.

गाडीमागच्या हुकाचा बॉल आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे हवेत. लॉक लावल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक दोन-चार फेरे वर फिरवा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर जोड नीट बसला आहे. सेफ्टी चेन खाली एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचं तोंड त्यांच्या झोळीत पडतं. ब्रेकअवे वायर (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) वेगळ्या ठिकाणी अडकवा, चेनच्याच कडीत नाही. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिफ्लेक्टर पट्ट्या बघा: मागे लाल, बाजूला पिवळ्या, पुढे पांढऱ्या. मागे मोठ्या अक्षरांत ‘आत घोडा आहे, अंतर ठेवा’ असं लिहा. साध्या रिव्हर्स कॅमेऱ्याचं एक तोंड आत घोड्याकडे लावलं तर डॅशबोर्डवर तो दिसत राहतो. या यादीत सगळ्यांत कमी खर्चाची आणि उपयोगाची गोष्ट हीच.

घोडा चढवताना

सपाट, शांत जागा निवडा. ट्रेलर गाडीला जोडलेला हवा, हँडब्रेक लावलेला, चाकांना उटी, म्हणजे अडसर. घाई असेल त्या दिवशी घोडा चढत नाही, हे प्रत्येक मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, ठाऊक असतं. म्हणून आदल्या आठवड्यात रोज चढवून, आत चारा देऊन उतरवा. घोडा आत शिरला की आधी मागचा आडवा बार लावायचा, मग दोर बांधायचा. उतरवताना उलट: आधी दोर सोडायचा, मग बार. हा क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे रेटतो, मान अडकते आणि तो उसळतो. दोर थेट कडीला न बांधता कडीत सुतळीची एक वेटोळी घालून तिला बांधा. खरंच घाबरला तर सुतळी तुटेल, मान नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी.

दोर फार आखूडही नको. घोड्याला मान खाली घालून शिंकरता आलं पाहिजे. तासन् तास मान वर बांधून ठेवली तर नाकातली घाण खाली यायच्याऐवजी फुप्फुसात उतरते आणि दोन दिवसांनी ताप येतो.

दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल तर तो उजवीकडे उभा करा. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, डावीकडे वजन पडलं तर ट्रेलर कडेकडे ओढतो. ट्रेलरमध्ये घोड्याबरोबर माणूस कधीच बसवायचा नाही. ट्रकमध्ये मोतद्दार मागे असेल तर लाथेच्या टप्प्याबाहेर, मजबूत आडोशामागे. झोपेचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. गुंगीतला घोडा तोल सावरू शकत नाही.

रस्त्यावर

पहिले पंधरा मिनिटं घोडा गाडी शिकत असतो. त्या वेळात वेग आणखी कमी ठेवा, मग एका सुरक्षित जागी थांबून चेन, कपलर, टायर आणि घोडा, सगळं एकदा बघा.

नियमातला ३५चा आकडा अनेकांना हास्यास्पद वाटतो. मला तो गोव्याच्या आतल्या रस्त्यांसाठी अगदी बरोबर वाटतो. कायद्यात तो मालवाहू गाडीसाठी आहे, पण ट्रेलरलाही मी तोच धरतो. ट्रेलर चौपदरी सरळ पट्ट्यात जरा वर नेलात तरी पन्नाशी गाठू नका. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून कोरड्यात किमान पाच सेकंद, पावसात आठ सेकंद अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. तुम्ही खांबाशी पोचेपर्यंत पाच व्हायला हवेत. मधल्या जागेत कोणी ना कोणी घुसणारच. घुसू द्या आणि पुन्हा अंतर पाडा. दिवसभरात असं कितीतरी वेळा करावं लागेल, त्याला इलाज नाही.

नजर पुढच्या गाडीच्या पलीकडे ठेवा. बस स्टॉपवर हात केलेला माणूस म्हणजे पुढची बस थांबणार. शाळेजवळ शाळा भरायची-सुटायची वेळ असेल तर रिक्षा आणि स्कूटर मधेच वळणार. कडेला उभ्या बाइकवर मोबाइलमध्ये नकाशा बघणारे दोघं दिसले की ते कधीही उलट फिरतील असं धरून चाला. हे सगळं शंभर मीटर आधी दिसलं तर पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून उचलून भागतं.

वळताना ट्रेलरची चाकं गाडीपेक्षा आतून जातात. म्हणून म्हापशासारख्या गर्दीत डावीकडे वळताना थोडं पुढे जाऊन मग वळा, आणि डाव्या आरशात बघत राहा. आतल्या फटीत स्कूटर शिरलेली असते. आरसे ट्रेलरच्या रुंदीपलीकडे दिसतील एवढे बाहेर हवेत.

हॅझर्ड लाइट लावून चालवू नका. पावसात आपल्याकडे सर्रास लावतात, पण त्यात तुमचा इंडिकेटर कुणाला दिसत नाही.

ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक दाबू नका, स्टीअरिंगने त्याला सरळ करायला जाऊ नका. स्टीअरिंग घट्ट सरळ धरा आणि पाय उचला. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावायची सोय असेल तर तेवढेच हलके लावा. झुआरी पुलावर किंवा पणजीच्या अटल सेतूवर पावसाळी वारा बाजूने लागतो तेव्हा, आणि मोठी बस झपकन शेजारून जाते तेव्हा हे होतं. पुलावर चढायच्या आधीच वेग पाडा.

घाट

वाट निवडण्यापासून सुरुवात. अनमोड घाट बेळगाव-लोंढ्याकडून मोल्याला उतरतो. चोर्ला घाट जांबोटी-कणकुंबीवरून केरीला येतो आणि पुढे साखळी. कोल्हापूरकडून आंबोली. तिलारीचा घाट टाळाच, तो फार उभा आहे आणि वळणं आवळलेली. चोर्ल्याचा रस्ता अरुंद, पण अवजड ट्रक कमी. अनमोडला ट्रकांची रांग असते. पावसाळ्यात दरडी पडतात, अवजड गाड्यांना बंदी येते, म्हणून आदल्या दिवशी घाट सुरू आहे का, हे विचारूनच निघा. बेळगाव ते फोंडा अनमोडवरून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लोक तीन तासांत येतात, तुम्ही पाच धरा. पहाटे निघा. उन्हाच्या आत घाट उतरलेला बरा, आणि रात्री धुकं, गुरं, डोळ्यांवर येणारे हाय बीम, सगळंच वाढतं.

घाट सुरू व्हायच्या आधी वर थांबा. घोड्याला पाणी दाखवा, चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. मग गिअर. जुन्या ट्रकवाल्यांचं ऐका: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतार लागल्यावर नाही, लागण्याआधी गिअर पाडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पाय सतत ठेवून तापलेले ब्रेक दोन-तीन किलोमीटरनंतर धरेनासे होतात. जळका वास आला की पुढच्या रुंद जागी थांबा आणि अर्धा तास हलू नका. गरम चाकावर पाणी ओतू नका.

वळण असं घ्यायचं: सरळ रस्ता आहे तोवरच ब्रेक हलका लावून वेग पाडा, ब्रेक सोडा, मग वळणात शिरा. वळणात ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, पाय स्थिर. गाडी पूर्ण सरळ झाल्यावर दोन सेकंद जाऊ द्या, मगच वेग. गाडी सरळ झाली म्हणून घोडा सरळ झालेला नसतो. ट्रेलर अजून वळणात असतो आणि घोडा एका अंगावर भार टाकून उभा असतो. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबला तर तो मागच्या बारवर बसतो. डावं वळण संपताच उजवं लागतं तिथे मधल्या चार मीटरांत त्याला अंग एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचं असतं. तिथे पायी चालल्याच्या वेगाने जा.

काच थोडी खाली ठेवा, रेडिओ बंद. टापांचा आवाज तुमचा खरा स्पीडोमीटर आहे. वळण संपल्यावर आतून काही ऐकू आलं नाही, तर वेग बरोबर. एकदा खूर सरकल्याचा आवाज आला, तर जरा जास्त. वळणामागून तीन-चार टापा धडधड वाजल्या तर घोडा तोल सावरण्यासाठी धडपडतो आहे. जुना मोतद्दार शेजारी बसलेला असेल तर तो तुमच्या आधी ओळखतो. “दादा, मागचा पाय सरकला त्याचा,” एवढंच म्हणेल. त्याचं ऐका, वाद घालू नका.

अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं असतं, म्हणजे तुम्ही. मागे रांग लागली की रुंद जागा बघून कडेला घ्या आणि सगळ्यांना जाऊ द्या. मागून हॉर्न वाजतो म्हणून चालक नकळत वेग वाढवतो, घाटातला मोठा धोका तोच. डाव्या कडेची माती पावसात खचलेली असते, चाक डांबरावरून उतरू देऊ नका.

घाट संपला तरी

काणकोणला जाताना करमल घाट लागतो. लांबी थोडी, वळणं भरपूर, दोन्हीकडे जंगल. तिथेही वरचंच सगळं पाळा. फोंडा-पणजी रस्त्यावरचा कुंडईचा उतार छोटा म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण ट्रेलर तिथेही ढकलतो.

रंबलरवर वेग चालण्याइतका करा. सलग पट्ट्यांवर घोड्याच्या सांध्यांना हादरे बसतात आणि तो बिथरतो. खाणीच्या पट्ट्यात, डिचोली-सांगेकडे, रस्त्यावर सांडलेली लाल माती पहिल्या पावसात साबणासारखी होते. पहिल्या दोन सरी पडेपर्यंत थांबलेलं बरं.

गावातल्या रस्त्यांवर वर बघा. उघड्या ट्रकात घोड्याची मान टपावरून वर येते आणि आंब्या-फणसाच्या फांद्या, सैल लोंबणाऱ्या वायरी, शिगम्याच्या किंवा जत्रेच्या कमानी नेमक्या त्याच उंचीवर असतात. चवथीत, दसऱ्यात, कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी घोडा हलवूच नका. फटाके आणि डीजे यांपुढे शांत घोडाही शांत राहत नाही.

दिवाडीसारख्या बेटावर जायचं तर फेरीबोट येते. ओहोटीला धक्का उभा आणि शेवाळलेला असतो, चढताना ट्रेलरचं तोंड वर जातं आणि हुक घासतो. भरतीची वेळ विचारून जा. फेरीवाल्याला ‘आत घोडा आहे’ असं आधी सांगा, शेवटी चढा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा आणि मोतद्दाराला घोड्याजवळ बाहेर उभं करा.

दर तीन तासांनी थांबा, सावलीत. घरचं पाणी कॅनमधून सोबत न्या, परक्या पाण्याला घोडे तोंड लावत नाहीत. पण हमरस्त्यावर घोडा खाली उतरवू नका.

काही बिघडलं तर

पंक्चर झालं तरी जागच्या जागी थांबू नका. गाडी चालत असेल तर हळूहळू सपाट, रुंद जागेपर्यंत न्या. टायर फाटलेला स्वस्त पडतो. आता हॅझर्ड लावा. मागे पन्नास मीटरवर त्रिकोण ठेवा, वळणाच्या अलीकडे. घोडा आतच राहू द्या. रस्त्यावर दार उघडलं आणि तो सुटला, तर एका घोड्याचा प्रश्न दहा गाड्यांचा होतो.

आत घोडा पडला असेल तर आत शिरू नका, कितीही जीव तुटला तरी. कप्प्यात आडवा पडलेला घोडा पाय झाडतो आणि माणूस भिंतीशी चिरडतो. बाहेरून, खिडकीतून त्याच्याशी ओळखीच्या आवाजात बोला, दोर बाहेरून कापता येत असेल तर कापा, ११२ ला फोन करा आणि पशुवैद्याला. माणूस जखमी असेल तर १०८. फोनवर ‘गाडीत जिवंत घोडा आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे लोक दोर आणि मनुष्यबळ घेऊन येतात. वाटेतल्या प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा. घाटात रेंज येते-जाते, बॅटरी संपते.

पोचल्यावर

दोर सोडा, मग बार काढा, आणि त्याला स्वतःच्या गतीने उतरू द्या. पाय सुजलेत का, कुठे खरचटलंय का, बघा. दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवा. पाणी द्या, चारा द्या, खुराक त्या दिवशी निम्मा. लीद पडली का, यावर लक्ष ठेवा. लीद नाही, चारा तोंडाला लावत नाही आणि पोटाकडे वळून बघतोय, तर पोटशूळ आहे असं समजून ताबडतोब पशुवैद्याला बोलवा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, खोकला आला किंवा नाकातून घट्ट पाणी आलं, तर फुप्फुसं तपासून घ्या. ट्रेलर मात्र त्याच दिवशी धुवा, मॅट उचलून वाळत घाला.